लिफ्ट सुरू आहे, कृपया जिन्याने जावे

आरोग्यमंत्री नव्या रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकले, आणि चांगले घामाघूम होईपर्यंत अडकून राहिले.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य नजरचुकीने छापलं गेलं आहे, आणि वाचकांनी ते वाचलेलं नाही असं समजण्यात येईल. त्या दिवशी मंत्री लिफ्टने झोकात तिसऱ्या मजल्यावर गेले, रुग्णांच्या खाटेजवळ बसले, एका आजारी बाईचा हात हातात घेऊन तिची विचारपूस केली, आणि हे साऱ्या वाहिन्यांनी दाखवलं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणणार? तेव्हा न घडलेल्या प्रसंगाची ही हकिगत ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर वाचावी.

या न घडलेल्या प्रसंगात लिफ्टमध्ये तिघं जण होते. एक मंत्री. दुसऱ्या त्यांच्या प्रसिद्धी सल्लागार बाई. आणि तिसरी धाकटी, जी तिथे असायलाच नको होती.

धाकटी म्हणजे एका दैनिकातली सगळ्यात नवी बातमीदार. घरात ती धाकटी, म्हणून कचेरीतही धाकटी. तिचा पगार चांगल्या बातमीसारखा होता; यायचा तेव्हा यायचा. घर चालायचं ते तिच्या दादाच्या पगारावर, आणि दादा याच नव्या रुग्णालयात लिफ्टचा मेकॅनिक होता. तोही अजून तात्पुरता. त्याच्या कायम होण्याचा कागद वर सहीला गेला होता, आणि घरातली सगळी मोठी वाक्यं हल्ली ‘एकदा का दादा कायम झाला, की’ अशी सुरू व्हायची. मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, गळकं छत, दादाचं लग्न. हे सगळं त्या ‘की’च्या पुढे रांग लावून उभं होतं.

आता बाईंविषयी. वार्ताहर मंडळी त्यांना पाठीमागे इस्त्रीबाई म्हणायची, आणि ते टोपणनाव आदराचं होतं. कितीही चुरगळलेली बातमी बाईंच्या हाती द्या, कडक घडी पडून परत मिळायची. मंत्री एकदा सभागृहात कॅमेऱ्यासमोर घोरले. दुसऱ्या दिवशी पेपरांत मथळा : ‘रात्रभर फायली हातावेगळ्या करून मंत्री सभागृहात हजर’. सरकारी दवाखान्यांतली औषधं संपली, तर बातमी आली, ‘औषधांचा अतिवापर रोखण्यात यश’. हे वाचून औषधाविना परत आलेल्या माणसालाही घटकाभर वाटलं, की आपण उगाच फार औषधं खात होतो.

हे जमायचं कसं, याचा धाकटीने मनापासून अभ्यास केला होता. बाई कुणाला धमकावत नसत, पाकीट देत नसत. त्यांना फक्त वर्तमानपत्राची कचेरी आतून बाहेरून माहीत होती. मजकूर लावणाऱ्या माणसाला भूक कधी लागते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं पत्रक जेवणाच्या सुट्टीच्या जरासं आधी येऊन पडायचं, आणि ते लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत असायचं. मथळा रकान्यात बसेल इतकाच. फोटोखालच्या ओळीसकट. उचला, लावा, जेवायला जा. उपाशी माणसाला सत्याचा शोध घ्यायला लावणारं पत्रक अजून कुणी लिहिलेलं नाही.

आणि यावर कळस म्हणजे बाईंनी आयुष्यात एकदाही खोटं लिहिलेलं नव्हतं. एकदा एका वार्ताहराने त्यांना छेडलं, ‘‘बाई, तुम्ही खरं लपवता.’’

‘‘लपवते? शेवटचा परिच्छेद वाचा की.’’

वाचला, तर खरंच, सगळं तिथे होतं. औषधं संपल्याचंसुद्धा. फक्त पानात जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद आधी कापतात, आणि पानात जागा नेहमीच कमी पडते. बाई खरं नेमाने लिहायच्या. ते कापायचं काम बिचारे पेपरवाले स्वतःच्या कात्रीने, फुकट करायचे.

हे ऐकलं तेव्हा धाकटीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. संतापही आला होता, पण टाळ्यांनंतर.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दादाने बाईंना गाठलं होतं. लिफ्टचं दार उघडं होतं, दादाच्या हातात पाना, हाताला ग्रीस.

‘‘बाई, एवढ्यात नको उद्घाटन. वजन जोखणारा भाग अजून यायचाय. तोवर मी घरगुती लिफ्टचा लावलाय. त्याच्या हिशेबानं दोन माणसं म्हणजे डोक्यावरून पाणी. तिसरं चढलं तर चढू देईल, दारही लावून घेईल, पण मधेच कुठंतरी तिला वाटेल फार झालं, आणि थांबेल.’’

‘‘मग दोघंच चढू. साहेब आणि मी.’’

‘‘आणि परवापासून पेशंट वर न्यायचे, तेव्हा? खाट, पेशंट, वॉर्डबॉय?’’

‘‘परवा उद्घाटन नाहीये,’’ बाई म्हणाल्या, आणि दादाच्या हातातल्या पान्याकडे पाहून जरा हसल्या. ‘‘काळजी करू नका. हे सगळं मी पत्रकात घालते.’’

आणि घातलंही. शेवटच्या परिच्छेदात.

तिसऱ्या मजल्यावर तेव्हा एकही रुग्ण नव्हता, कारण रुग्णांना वर न्यायला लिफ्ट नव्हती. पण बाईंचं काम कधी अशा किरकोळ गोष्टींवर अडलेलं नाही. त्यांनी तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत खाटा मांडल्या, भिंतीवर ‘तिसरा मजला, महिला विभाग’ अशी पाटी लावली, खात्यातल्या कारकून मंडळींना चादरी पांघरवल्या आणि मंत्र्यांना मधून फिरवून चित्रफीत काढून घेतली. रुग्ण इतके सराईत निघाले, की एक कारकून खरोखरच झोपी गेला आणि त्याची रजा मांडायची की ड्युटी, यावर खात्यात अजून पत्रव्यवहार चालू आहे. चित्रफीत वाहिन्यांकडे पोचती झाली. सूचना सोपी होती. मंत्री लिफ्टमध्ये शिरताना थेट दाखवायचं, दार मिटलं की ही लावायची. वरच्या मजल्यावर सिग्नल मिळत नाही, एवढंच कारण. ते कारण खरंसुद्धा होतं.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. मंत्री लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग बाई. दार मिटायला लागलं, आणि धाकटीच्या डोक्यात वीज चमकली. लिफ्टमध्ये, मंत्र्यांसोबत, एकटी! बाकीचे सगळे खाली, आणि आपल्याकडे खास मुलाखत! ती गर्दीतून सुटली.

‘‘धाकटे, नको! चढू नको!’’ मागून दादा ओरडला.

दादा लहानपणापासून हेच ओरडत आला होता. झाडावर, सायकलवर, गच्चीच्या कठड्यावर. तिने नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. आडवी होऊन ती दाराच्या फटीतून आत शिरली आणि म्हणाली, ‘‘साहेब, एकच प्रश्न.’’

बाईंच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. त्यांनी फक्त माणसं मोजली. तीन.

पहिला मजला गेला. दुसरा गेला. मग लिफ्टला वाटलं, फार झालं.

आधी एक हिसका, मग शांतता. मंत्र्यांनी तिसऱ्याचं बटण दाबलं, मग दुसऱ्याचं, मग एकदम सगळीच, हार्मोनियम वाजवल्यासारखी. बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, एक घोट मंत्र्यांना दिला, एक धाकटीला. स्वतःसाठी उरलेलं पाणी झाकण लावून परत ठेवलं. मग फोन दाराच्या फटीशी धरून सिग्नल कुठे येतो ते शोधलं. घरी बल्ब गेल्यावर माणूस जेवढा गोंधळतो, तेवढ्याही त्या गोंधळल्या नाहीत.

‘‘बाई, कुणाला तरी बोलवा!’’ मंत्री म्हणाले.

‘‘बोलवायचं म्हणजे सांगावं लागेल साहेब, की आपण अडकलोय.’’

‘‘मग सांगा!’’

बाईंनी धाकटीचा फोन मागून घेतला, त्यावर एक वाहिनी लावली आणि मंत्र्यांसमोर धरला. पडद्यावर मंत्री तिसऱ्या मजल्यावर एका खाटेशी वाकले होते. खाली पट्टी धावत होती : ‘मंत्री थेट रुग्णांच्या भेटीला’. बाईंनी दुसरी वाहिनी लावली. तिथेही मंत्री वाकलेले. तिसरीवर तर त्याचं हळू गतीत पुनःप्रक्षेपण चालू होतं.

‘‘तुम्ही वर पोचलात साहेब,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता खाली कसे अडकणार?’’

मंत्री घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस सल्लागाराचं ऐकत नाही. त्यांनी स्वतःच अग्निशमन दलाला फोन लावला.

‘‘मी आरोग्यमंत्री बोलतोय. मी लिफ्टमध्ये अडकलोय.’’

‘‘हो का? छान. साहेब इथं समोर टीव्हीवर दिसतायत, भाऊ. पेशंटशी बोलतायत.’’

‘‘अहो, ते मीच आहे!’’

‘‘मग अडचण काय आहे?’’

खोटे फोन करणं हा गुन्हा आहे, असं समजावून पलीकडच्याने फोन ठेवला. मग मंत्र्यांनी घरी फोन लावला.

‘‘अगं, मी बोलतोय.’’

‘‘मी कोण?’’

‘‘मी गं! तुझा नवरा!’’

‘‘आवाज काढू नका त्यांचा. ते टीव्हीवर आहेत, आणि त्यांच्या दोन्ही हातांत कुठल्यातरी बाईचा हात आहे. फोन धरायला तिसरा हात आहे का त्यांना?’’ मग जरा थांबून, ‘‘इतक्या वर्षांत माझा हात कधी असा धरला नाही. घरी येऊ देत, मग बघते.’’

फोन बंद झाला. मंत्री मटकन खाली बसले. एक बूट काढला. उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेने वारा घेत ते धाकटीच्या फोनवर स्वतःला बघू लागले. हळूहळू त्यांचा चेहरा निवळला.

‘‘माणूस बोलतो चांगलं,’’ ते म्हणाले.

‘‘तळमळ दिसते,’’ बाई म्हणाल्या.

‘‘त्या बाईला बरं वाटलं का हो पुढे?’’

‘‘ती आपल्या आस्थापना शाखेत आहे, साहेब.’’

धाकटीला तेवढ्यात फोन परत मिळाला, आणि तिने एक फोटो काढला. मंत्री लिफ्टच्या फरशीवर, एका पायात बूट, एका पायात मोजा, हातात निमंत्रणपत्रिकेचा पंखा. तिच्या आयुष्यातला हा सर्वोत्तम फोटो होता हे तिला काढतानाच कळलं. असा फोटो बातमीदाराला एकदाच मिळतो. पुढे तो म्हातारपणी नवख्यांना त्याच्याच गोष्टी सांगत बसतो.

तिने संपादकांना फोन लावला.

‘‘सर, मोठी बातमी आहे. मंत्री लिफ्टमध्ये अडकलेत.’’

‘‘मंत्री तिसऱ्या मजल्यावर आहेत. तू कुठे आहेस?’’

‘‘मंत्र्यांसोबत.’’

‘‘म्हणजे तिसऱ्या मजल्यावर.’’

‘‘नाही सर, लिफ्टमध्ये.’’

‘‘मग मंत्र्यांसोबत कशी? हे बघ, मोठा मजकूर लावून झालाय, फोटोसुद्धा. चांगलंय पत्रक. फक्त जागा कमी पडली म्हणून शेवटचा परिच्छेद काढला.’’

‘‘काय होतं त्यात?’’

‘‘काहीतरी वजनाचं. तांत्रिक होतं.’’

तिने बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या. पाहुण्यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं, की सुगरणीच्या चेहऱ्यावर येतो तसला विनय त्यांच्या चेहऱ्यावर होता.

तेवढ्यात दादाचा फोन आला. ‘‘धाकटे, बरी आहेस? घाबरू नको. वरच्या मशीनच्या खोलीतून हातानं फिरवून खाली घेतो. पण खोलीला कुलूप आहे. किल्ली इमारतीच्या साहेबांकडे, आणि साहेब घरी गेले.’’

‘‘घरी?’’

‘‘ते तिसऱ्या मजल्यावर गुच्छ घेऊन उभे होते. कुणीतरी खालून येऊन सांगितलं, की टीव्हीवर मंत्री सगळ्यांना भेटलेसुद्धा. त्यांना वाटलं आपल्यालाच तेवढं टाळलं. रुसून गेले. आता फोन उचलत नाहीत. मी कुलूप फोडतोय, पण ते भक्कम आहे.’’

मंत्र्यांनी हे सगळं ऐकलं. लिफ्ट, कुलूप, मेकॅनिक हे शब्द त्यांच्या डोक्यात एका रांगेत उभे राहिले, आणि भीती होती तिथे राग आला.

‘‘मेकॅनिक! हा सगळा त्या मेकॅनिकचा प्रताप आहे! बाई, त्याला आत्ताच्या आत्ता काढून टाका. लिहा!’’

बाईंनी फोनवर लिहायला घेतलं. अर्धवट पुटपुटत, चाल बसवल्यासारखं. ‘‘लिफ्ट-तंत्रज्ञाच्या गंभीर हलगर्जीपणामुळे... नाही, आधी कारवाई. मंत्र्यांची तडकाफडकी कारवाई... हं.’’

‘एकदा का दादा कायम झाला, की’ हे वाक्य धाकटीच्या डोळ्यांसमोर मधेच तुटलं. पुढची आई, छत, लग्न, सगळी रांग हवेत लटकली. आणि तिसरी चढली कोण होती? ती स्वतः.

‘‘बाई, त्यानं तुम्हाला आधी सांगितलं होतं!’’

‘‘सांगितलं होतं. चांगला मुलगा आहे. तुझा दादा ना? हनुवटी सारखी आहे.’’ बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं वाईट वाटणं होतं, आणि बोट न थांबता चालत होतं. ‘‘मला बरं वाटत नाहीये हे लिहिताना. पण प्रत्येक बातमीला एक जबाबदार माणूस लागतो, मुली. त्याच्याशिवाय ती उभी राहत नाही.’’

‘‘मी सगळं छापेन. माझ्याकडे फोटो आहे.’’

‘‘छाप की. मग लिफ्ट बंद पडली हे पक्कं होईल, आणि बंद पडली म्हटल्यावर पहिला कोण जाईल? साहेब?’’

मंत्र्यांनी ‘साहेब’ ऐकून मान वर केली आणि नाही अशी हलवली.

फोटो छापला तर दादा गेला. नाही छापला, तर बाईंचं पत्रक जाणार, म्हणजे दादा गेलाच. धाकटी लिफ्टच्या भिंतीला टेकली. ती रडण्याच्या बेतात होती, पण डोक्यातला अभ्यास जागचा हलायला तयार नव्हता. बाईंचं शास्त्र तिला तोंडपाठ होतं. बाई खोटं लिहीत नाहीत. आणि आधी लिहिलेलं बाई कधी मागे घेत नाहीत. घडी मोडली की इस्त्री फुकट.

‘‘बाई,’’ ती सावकाश म्हणाली, ‘‘दादाला कशाबद्दल काढणार?’’

‘‘लिफ्ट बंद पडल्याबद्दल.’’

‘‘कधी बंद पडली?’’

‘‘आत्ता. साहेब वर जाताना.’’

‘‘साहेब तर वर पोचले. हात हातात घेतला. सगळ्या वाहिन्यांवर आहे.’’

बाईंचं बोट थांबलं.

‘‘लिफ्ट बंद पडली, तर साहेब लिफ्टमध्ये होते,’’ धाकटी बोलत राहिली. ‘‘साहेब लिफ्टमध्ये होते, तर वर कोण होतं? मग वाहिन्या विचारतील, ती चित्रफीत कुठली? मग ती खोली, ती पाटी, आस्थापना शाखेतल्या बाई. आणि तो कारकून, जो खरंच झोपला होता. तुम्ही दादाला काढा, बाई. पण मग तुम्हाला तुमचं सगळ्यात चांगलं पत्रक मागे घ्यावं लागेल.’’

वरून कुठूनतरी दादाचे कुलपावरचे घाव ऐकू येत होते.

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. कसलेल्या पैलवानाला गावच्या जत्रेत एखाद्या पोरीने चारी मुंड्या चीत करावं, आणि त्याने आकाशाकडे बघत ‘वा’ म्हणावं, तसं पाहिलं. मग लिहिलेलं सगळं एका फटक्यात पुसून टाकलं.

‘‘हे मला सुचायला हवं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वय झालं.’’

‘‘म्हणजे?’’ मंत्र्यांनी विचारलं. ‘‘मग जबाबदार कोण?’’

‘‘कशाला, साहेब? काही झालेलंच नाही.’’

मंत्र्यांना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटल्यावर एकदम हलकं वाटलं. बाईंनी धाकटीपुढे रिकामा हात केला. मागितलं काहीच नाही. नुसता हात.

धाकटीने फोटो उघडला. पंखा, मोजा, फरशी. किती स्पष्ट आला होता. तिने तो शेवटचा एकदा मोठा करून पाहिला, आणि बाईंच्या समोरच पुसून टाकला. हे करताना तिला जे वाटलं, ते या कथेत लिहायला जागा कमी पडली आहे.

कुलूप तुटलं. लिफ्ट इंचाइंचाने खाली आली, एखादी सोवळी बाई जिना उतरते तशी. दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. समोर दादा उभा होता, कोपरापर्यंत ग्रीस, तळहात सोललेले. त्याने आधी धाकटीचा कान पकडला.

‘‘नको म्हटलं होतं ना?’’

‘‘कान सोड. मी तुझी नोकरी वाचवली.’’

‘‘तूच घालवलीस आधी!’’

‘‘हे कोण?’’ मंत्र्यांनी बूट घालता घालता विचारलं.

‘‘उत्कृष्ट कर्मचारी, साहेब,’’ बाई म्हणाल्या.

जिन्यापाशी पायाला प्लास्टर घातलेली एक बाई कुबडीवर भार टाकून दम खात उभी होती. मंत्र्यांना बघून तिचे डोळे विस्फारले. ‘‘साहेब, तुम्ही आत्ता वरती टीव्हीवर... आणि इथं?’’

मंत्र्यांची पाचावर धारण बसली. बाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही.

‘‘साहेब जिन्याने निघालेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिफ्ट पेशंटसाठी मोकळी ठेवलीय.’’

त्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कुबडी काखेत धरून मंत्र्यांना हात जोडले. मग मंत्री खरोखरच जिन्याने गेले, आणि आपण किती साधे आहोत हे उतरता उतरता त्यांचं त्यांनाच पटत गेलं. दुसऱ्या दिवशीचा मथळा अर्थात तोच होता : ‘रुग्णांसाठी मंत्र्यांनी सोडली लिफ्ट’. अक्षर न अक्षर खरं.

खाली पोचल्यावर बाई धाकटीजवळ थांबल्या. ‘‘माझ्याकडे येतेस? पगार वेळेवर असतो.’’

‘‘विचार करते.’’

‘‘कर. पण शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवात कर. खरी कला तिथे आहे.’’

धाकटी गेली नाही. का, ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. बहुधा इतक्या चांगल्या कलाकाराच्या जवळ बसलं तर कला दिसत नाही, असं काहीतरी तिला वाटलं असावं. तिने त्या दिवशीची बातमी लिहिली, नीटनेटकी, आणि शेवटच्या परिच्छेदात जे घडलं ते सगळं घातलं. वजन, तीन माणसं, कुलूप, मोजा. पानात जागा कमी पडली.

दादा कायम झाला. ‘उद्घाटनापासून अखंड लिफ्टसेवा’ दिल्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं, ते आईने भिंतीवर लावलं. नंतर डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला ते वाचताही आलं. छतही झालं. दादाच्या लग्नाचं बोलणं चालू आहे. मुलीकडच्यांना तो काय करतो हे सांगणं जरा अवघड जातं, एवढंच.

कारण वजन जोखणारा खरा भाग मागवायचा, तर लिफ्ट नादुरुस्त असल्याचं लिहावं लागतं. नादुरुस्त लिहायचं, तर अखंड सेवा खंडित होते. ती खंडित झाली तर प्रशस्तिपत्रक चुकलं, ते चुकलं तर कायम होणं चुकलं. शिवाय मंत्र्यांनी सोडलेली लिफ्ट बंद कशी असेल? म्हणून लिफ्टच्या दाराला एक पाटी लागली आहे : ‘लिफ्ट सुरू आहे. कृपया जिन्याने जावे.’ दादा रोज वेळेवर येतो, दार पुसतो, बटणांना तेल देतो, आणि मग तिघा नातेवाइकांबरोबर स्ट्रेचरचा एक कोपरा खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत रुग्ण चढवतो. मधल्या वळणावर, जिथे लिफ्ट अडकली होती त्याच उंचीवर, सगळे दम घ्यायला थांबतात. प्लास्टर निघालेली ती बाई परवा आपल्या बहिणीला भेटायला आली होती. तिलाही तिथेच थांबावं लागलं. ‘‘साहेबांनी आमच्यासाठी सोडली होती ना लिफ्ट?’’ ती म्हणाली. ‘‘मग ती घेतली कुणी?’’

त्या संध्याकाळी दादा घरी येऊन खांदा शेकत बसला आणि म्हणाला, ‘‘धाकटे, तुला लिहिता येतं. असा अर्ज लिही, की कुणी खोटं म्हणू शकणार नाही आणि माझी नोकरीही जाणार नाही.’’

धाकटीने अर्ज लिहिला. कुठेही बंद नाही, नादुरुस्त नाही, बिघाड नाही. सुरुवातीला मंत्र्यांचा साधेपणा, मग रुग्णालयाचा गौरव, मग अखंड सेवेबद्दल प्रशासनाचे आभार. भाषा अशी कडक घडीची, की बाईंनी पाहिली असती तर ‘वा’ म्हणाल्या असत्या. आणि शेवटच्या परिच्छेदात :

‘‘सबब, मा. प्रशासनास नम्र विनंती, की या रुग्णालयाची जी लिफ्ट उद्घाटनापासून आजतागायत एक क्षणही बंद पडलेली नाही, ती चालू करण्याची लेखी परवानगी अर्जदारास मिळावी, आणि ती मिळेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरील सर्व रुग्ण लिफ्टनेच वर गेले असल्याचे त्यांच्या नातेवाइकांच्या खांद्यांना कृपया कळविण्यात यावे.’’